दहा क्विंटलचा कम्प्युटर

विष्णुपुरीत पाहुणा आला की त्याला गोदावरीवरचं धरण दाखवतात, इंजिनिअरिंग कॉलेज दाखवतात, विद्यापीठ दाखवतात आणि पाहुण्याची तब्येत बरी नसेल तर मेडिकल कॉलेजही दाखवतात. एक गोष्ट मात्र कुणी दाखवावी लागत नाही, रात्री बारानंतर ती आपली आपण दिसते. लातूर रोडच्या आजूबाजूला पोरांच्या भाड्याच्या खोल्या आहेत. त्यातल्या काही खिडक्यांतून तांबडा, हिरवा, जांभळा उजेड आळीपाळीनं बाहेर पडत असतो. नव्या माणसाला वाटतं, आत गणपती बसवलाय. आत कम्प्युटर बसवलेला असतो.

हा कम्प्युटर कॉलेजसाठी असतो. निदान गावाकडे तसं सांगितलेलं असतं. पहिल्या वर्षाला लॅपटॉप लागतो, दुसऱ्या वर्षाला लॅपटॉप गरम व्हायला लागतो, तिसऱ्या वर्षाला 'प्रोजेक्ट' नावाचं एक संकट येतं आणि ते निवारायला ग्राफिक कार्ड लागतं. लातूर पॅटर्ननं बारावी काढलेलं, दोन वर्षं मोबाइल कपाटात ठेवून जगलेलं पोरगं इथं पोचलं की त्याची बरीच भूक शिल्लक असते. सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज इथं 1981 साली आलं. तेव्हापासून किती प्रोजेक्ट झाले ते कॉलेज सांगेल. किती बंदुका चालल्या ते खोल्यांचे मालक सांगतील.

माझा भाचा त्यातलाच. त्याचे वडील, म्हणजे आमचे दाजी, कंधार तालुक्यातले. सोयाबीन, थोडी हळद, आणि दावणीला लाल कंधारी बैलांची जोडी. भाच्यानं फोनवर बजेट सांगितलं, पन्नास-पंचावन्न हजार. दाजी पैसे रुपयांत मोजत नाहीत, क्विंटलात मोजतात. 2025-26 चा सोयाबीनचा हमीभाव 5,328 रुपये. दहा क्विंटलचे झाले 53,280.

"आन् हमीभाव मिळाला तर," दाजी म्हणाले. "मोंढ्यात त्याच्या खालीच बोलतेत. एकरी सहा-सात क्विंटल उतारा धर. म्हणजे दीड एकर टेबलावर ठेवायचं म्हणायलास."

इतक्या नेमक्या शब्दांत बजेट गेमिंग पीसीचं वर्णन मी कुठं ऐकलं नव्हतं.

त्यानंतर यादी सुरू झाली. ज्यांनी असा कम्प्युटर जुळवलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो, की यादी ही एकदा करायची गोष्ट नाही, ते व्रत आहे. पहिल्या रात्रीच्या यादीत आय-थ्री 12100एफ होता. चार कोअर, 2022 चा, गरिबाघरचा गुणी मुलगा. दुसऱ्या रात्री कळलं की थोडे पैसे टाकले तर सहा कोअरचा आय-फाइव्ह येतो. तिसऱ्या रात्री कळलं की एवढा चांगला प्रोसेसर घेऊन त्याला हलका मदरबोर्ड देणं म्हणजे पाप. चौथ्या रात्री एका मित्रानं सांगितलं की हे सॉकेटच जुनं झालं, नवं घे, पुढं अपग्रेड करता येईल. नव्या सॉकेटला नवी रॅम लागते. नव्या रॅमला नवे पैसे लागतात. प्रत्येक पायरी फक्त दोन-तीन हजारांची होती, आणि आठवडाभरात आमचा भाचा दोन-दोन हजारांनी चढत सव्वा लाखाच्या माळवदावर जाऊन उभा राहिला. खाली दाजी दहा क्विंटल घेऊन उभे.

या चढाईत 'फ्यूचर प्रूफ' हा मंत्र फार ऐकू येतो. पाच वर्षांनी निघणारे गेम चालले पाहिजेत, म्हणून आज जास्त पैसे. येत्या हिवाळी परीक्षेत गणिताचा राहिलेला पेपर निघेल का, हे ज्याला सांगता येत नाही तो 2030 सालच्या गेमची सोय करत असतो.

शेवटी मी भाच्याला घेऊन कंधारला गेलो आणि यादी दाजींपुढं ठेवली. दाजींना कम्प्युटरचं ज्ञान शून्य, पण माळेगावच्या यात्रेचं ज्ञान मोठं. मार्गशीर्षात लोहा तालुक्यात खंडोबाची यात्रा भरते, घोडे, गाढवं, उंट, बैल सगळं येतं. तिथं दाजींनी जन्मभर जनावरं घेतली-विकली आहेत. भाच्यानं त्यांना बॉटलनेक समजावून सांगितला: ग्राफिक कार्ड भारी आणि प्रोसेसर हलका असला की कार्ड नुसतं वाट बघत बसतं, उलट केलं तर प्रोसेसर बसतो.

"म्हणजे जोडी जुळंना," दाजी म्हणाले. "एक पळणारा, एक बसणारा. जू वाकडंच चालतंय. पळणाऱ्याचा दम वाया, बसणाऱ्याची मान सोलती. मग भारी बैल घेतलासच कामून?"

यादीतला सहा कोअरवाला तिथंच गळाला. कार्ड साधं असेल तर चार कोअरची जोडी त्याला पुरते. बाजारात हे सांगायला कुणी तयार नसतं, कारण बाजार एकेक बैल विकतो.

मग जुन्या कार्डाचा विषय निघाला. 15 सप्टेंबर 2022 ला इथेरियम या आभासी चलनानं आपली पद्धत बदलली आणि ग्राफिक कार्डांवर ते चलन खणण्याचा धंदा एका दिवसात बसला. जगभरच्या शेडांत रात्रंदिवस राबणारी कार्डं सेकंडहँड बाजारात आली. त्याआधी दोन वर्षं दुप्पट भावानंही जी मिळत नव्हती, ती पोत्यानं आली. भाच्याच्या मोबाइलवर असंच एक आरएक्स 580 होतं. खाली लिहिलेलं: 'एकच मालक, घरगुती वापर, फक्त संध्याकाळी गेम.' दाजींनी फोटो बराच वेळ पाहिला. पंख्याच्या पात्यांमागं काळा चिकट थर, स्क्रूवरचं स्टिकर खरवडलेलं.

"घरगुती न्हाई हे. हे मोटंला जुंपलेलं हाय," दाजी म्हणाले.

त्यात आणखी एक गंमत आहे. आरएक्स 580 या नावानं दोन कार्डं फिरतात. मूळ 2017 च्या कार्डात 2304 गणनघटक आहेत, नंतर काढलेल्या एका प्रकारात 2048, म्हणजे आतून ते धाकटं 570 च. नाव तेच, डबा तोच. यात्रेत म्हाताऱ्या बैलाची शिंगं तासून, तेल लावून, त्याला चार दाती म्हणून उभा करतात, हे दाजींनी आम्हाला आधीच सांगून ठेवलं होतं. बैलाचे दात उघडून बघता तरी येतात. कार्डाचे बघायचे तर कम्प्युटरला लावून, एक छोटं सॉफ्टवेअर चालवून आकडा वाचावा लागतो. तो न वाचता पैसे देऊ नयेत.

आता ओव्हरक्लॉकिंग. भाच्याच्या मते बजेटवाल्याचा खरा धर्म हाच: स्वस्तातला प्रोसेसर घ्यायचा आणि त्याचं घड्याळ वाढवून महागाचं काम काढायचं. हे एके काळी अक्षरशः खरं होतं. 1998 साली इंटेलनं सेलेरॉन 300ए काढला. 300 मेगाहर्ट्झचा, गरिबांसाठी. त्याची बस 66 ची होती. बोर्डावर ती 100 केली की साडेचारच्या गुणकानं तोच प्रोसेसर 450 वर धावायचा, आणि 450 वाल्या महागड्या भावाच्या खांद्याला खांदा लावायचा. दीडपट वेग, खर्च शून्य. त्या काळी नांदेडात ज्यांनी असेंबल कम्प्युटरचे जंपर हलवले ती माणसं आता पन्नाशीत आहेत. त्यांच्यापुढं हा विषय काढला तर संध्याकाळ गेली म्हणून समजा.

पण कंपन्याही काही झोपलेल्या नव्हत्या. गिऱ्हाईक फुकट दीडपट नेतंय म्हटल्यावर त्यांनी ते काम स्वतःकडं घेतलं. आजचा प्रोसेसर थंडावा आणि वीज बघून आपलं घड्याळ आपणच वाढवतो, आणि तो वाढीव वेग खोक्यावर छापून त्याचे पैसे आधीच घेतलेले असतात. शिवाय इंटेलमध्ये नावापुढं 'के' अक्षर नसेल तर गुणकाला कुलूप. एएमडीचे रायझन बहुतेक उघडे, पण ए320 बोर्डावर बसवले की कुलूप बोर्डाला. म्हणजे घड्याळ वाढवायचं तर प्रोसेसर महाग, बोर्ड महाग, कुलर महाग. फुकटातलं काम करण्यासाठी सात-आठ हजार जास्त. तेच ग्राफिक कार्डात घातले तर कुणाचंही घड्याळ न हलवता गेम पळतो.

आणि हिशेब उष्णतेचाही आहे. चिपमध्ये खर्च होणारी वीज वेगाच्या पटीत वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. समजा वेग दहा टक्के वाढवायला व्होल्टेज 1.2 वरून 1.35 करावं लागलं. 1.35 भागिले 1.2 म्हणजे 1.125. त्याचा वर्ग 1.27 च्या आत-बाहेर. त्याला 1.1 नं गुणा. दहा टक्के वेगासाठी जवळपास 39 टक्के जास्त उष्णता. त्या दहा टक्क्यांतून गेममध्ये किती फ्रेम वाढतात? कार्ड आधीच दमलेलं असेल तर दोन-चार. हा सौदा दाजींनी रुमालाखाली बोटं न दाबताच सोडून दिला असता.

ज्या व्हिडिओत एखादा साहेब हसत-हसत घड्याळ वाढवतो, तिथं खोलीचं तापमान 21 अंश असतं. त्याच्या खोलीत प्रोसेसर पूर्ण ताणावर 50 अंश वर चढला तर 71 होतो, सगळं हिरवं. आपल्याकडं मे महिन्यात दुपारी पारा 42-44, आणि वरच्या मजल्यावरच्या खोलीत स्लॅब रात्री अकरापर्यंत उकळत असतो. खोली 41 धरली तर तोच प्रोसेसर 91 वर. रायझन 5600जीसारख्या प्रोसेसरची मर्यादा 95. उरले चार. त्या चार अंशांत आमचा भाचा ओव्हरक्लॉकिंग करणार होता! मर्यादा गाठली की प्रोसेसर जीव वाचवायला स्वतःच वेग कमी करतो. म्हणजे घड्याळ वाढवलं म्हणून ते कमी झालं.

हे सांगितल्यावर पोरं ऐकतात असं नाही. उपाय काढतात. एका खोलीत मी पाहिलं, खिडकीतला लोखंडी कुलर पोराच्या खाटेकडून फिरवून कॅबिनेटकडं वळवलेला. कॅबिनेटची बाजू उघडी. वाळ्याचा ओला गारवा थेट मदरबोर्डावर. डबा गारव्यात आणि मालक बनियनवर घामाघूम. स्क्रूंना तांबूस गंज धरलेला आणि धूळ ओली होऊन पंख्याच्या कडेला काळ्या मातीचा लेप बसलेला. कोरड्या मेमध्ये हे निभावलं तरी जुलैत बाहेरची हवाच ओली असते. कुलर मग गारवा देत नाही, नुसतं दमट वारं देतो.

भाच्यानं मात्र वाचून वेगळीच माहिती आणली होती. 2022 साली इंटेलच्या एका प्रोसेसरनं 9 गिगाहर्ट्झ ओलांडले, पण त्याला द्रव हेलियमनं थंड केलं होतं, उणे 269 अंशांच्या जवळ. हेलियम आपल्याला परवडणार नाही, पण उणे 196 चा द्रव नायट्रोजन? जेवताना त्यानं सहज विचारलं, "अप्पा, नायट्रोजन कुठं मिळतंय?"

"आपल्या जनावरांच्या दवाखान्यात हाय की," दाजी सहज म्हणाले. आणि ते खरंच आहे. कृत्रिम रेतनासाठी वळूच्या वीर्याच्या कांड्या द्रव नायट्रोजनच्या भांड्यातच साठवतात. मराठवाड्यातल्या कितीतरी गावांत उणे 196 अंश पत्र्याच्या शेडात शांतपणे बसलेले आहेत. भाच्याचे डोळे चमकले. दाजींचा घास थांबला.

"कामून विचारायलास?"

भाच्यानं सांगितलं. दाजींनी ताटात हात धुतला, एवढंच बघून मला कळलं की विषय गंभीर आहे.

"त्यात कंधारी वळूच्या कांड्या हायेत. तुझ्या डब्यासाठी गावातल्या गाई भाकड ठेवायच्या का?"

अक्का, म्हणजे भाच्याची आई, आतून म्हणाली, "मेल्या, प्रोजेक्ट कशाचा म्हणलास तू?"

ओव्हरक्लॉकिंगचा प्रश्न असा घरच्या घरी मिटला. विष्णुपुरीच्या हवेत चालतो तो उलटा प्रकार: व्होल्टेज थोडं कमी करायचं. कारखान्यातून प्रत्येक चिपला जरा हात सैल सोडून व्होल्टेज दिलेलं असतं, कारण सगळ्यात कच्ची चिपही चालली पाहिजे. आपली बरी निघाली तर तेवढाच वेग कमी विजेत मिळतो, पाच-सात अंश उतरतात, पंखा बोंबलत नाही. यात मर्दुमकी नाही, म्हणून पोरं ते मित्रांना सांगत नाहीत. गुपचूप करतात.

आणि खरं सांगायचं तर फुकटचा वेग अजून मिळतो, पण तो घेत कुणी नाही. 3200 ची रॅम विकत घेतली, बोर्डाच्या सेटिंगमध्ये एक्सएमपी चालू केलं नाही, तर ती बहुतेकदा 2400 किंवा त्याखाली रांगते. 144 हर्ट्झचा मॉनिटर घेतला आणि विंडोजमध्ये 60 वरच राहिला, हे तर मी इतक्या खोल्यांत पाहिलं आहे की आता आधी तेच तपासतो. एकानं पंधरा-सोळा हजारांचं ग्राफिक कार्ड घेऊन मॉनिटरची केबल मदरबोर्डाला खोचलेली. वर्षभर कार्ड आत नुसतं बसून. त्याला गेम बरा चालत होता, हे त्याचं समाधान बघून सांगावंसं वाटेना. दुसऱ्यानं नावात 'एफ' असलेला प्रोसेसर आणला आणि कार्डासाठी पुढच्या हंगामाची वाट बघायचं ठरवलं. 'एफ'वाल्यात आतलं ग्राफिक नसतं. तीन महिने कम्प्युटर चालू होता, पंखे फिरत होते, दिवे लागत होते, फक्त काही दिसत नव्हतं.

जुळवणी आम्ही घरीच केली. प्रोसेसर आणि त्याच्या कुलरमधली पेस्ट तुरीच्या दाण्याएवढी लावायची, हे भाच्याला ठाऊक होतं, तरी त्यानं हळद चढवल्यासारखी चोपडली. मग पुसायला कुलर सरळ वर ओढला. शेवटी घेतलेला प्रोसेसर एएमडीचा होता. एएमडीच्या एएम4 सॉकेटमधल्या प्रोसेसरच्या पिना खालून निघालेल्या असतात आणि पेस्ट जुनी किंवा जास्त असली की तो कुलरला चिकटून सॉकेटमधून उपटून येतो. तसाच आला. कोपऱ्यातल्या तीन पिना आडव्या. अर्धा तास घरात कुणी बोललं नाही. दाजींनी दाढीचं नवं पातं काढलं, चष्मा कपाळावर चढवला आणि एकेका ओळीतून पातं सरकवत तिन्ही पिना उभ्या केल्या. हाताला कंप नव्हता. कुलर काढायच्या आधी कम्प्युटर दहा मिनिटं चालवून पेस्ट ऊन करायची आणि मग पिळून काढायचा, हे नंतर सगळ्यांना आठवलं.

खरेदीपुरतं सांगायचं तर निजामाचं राज्य 1948 ला गेलं, पण स्वस्त ग्राफिक कार्ड म्हटलं की नांदेडकर अजून हैदराबादची गाडी धरतो. सिकंदराबादला पार्क लेनवर चेनॉय ट्रेड सेंटर आहे, मजल्यामागून मजले नुसती कम्प्युटरची दुकानं. तिथं मराठी माणूस "भाई, आखरी कित्ते?" विचारतो आणि दुकानदार त्यावरून ओळखतो की हा रात्रीच्या गाडीनं परत जाणार आहे, म्हणजे आज घेणारच.

तिथं भाच्यानं एकाच ठिकाणी पैसे वाचवायचे ठरवले होते: एसएमपीएस, म्हणजे कम्प्युटरला वीज पुरवणारा डबा. सगळेच तिथं वाचवतात. तो डबा दिसत नाही, त्यात दिवे नाहीत, त्यानं एक फ्रेमही वाढत नाही. स्वस्त कॅबिनेटसोबत तो चक्क फुकट येतो, वर 450 वॅट असा आत्मविश्वासानं छापलेला. हातात घेतला तर रिकाम्या पेटीएवढा हलका. आपल्याकडं पावसाळ्यात वीज जाते, येते, आणि येताना कधी 250 होऊन येते. तो पहिला फटका जो झेलतो तो हा डबा. तो जळताना एकटा जळला तर नशीब. भाच्याला मी निदान ब्राँझ शिक्क्याचा घ्यायला लावला आणि त्याच्या यादीतले तीन रंगीत पंखे कापले. दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही.

जुळलेला कम्प्युटर खोलीत लावला तेव्हा दाजी सोबत होते. त्यांनी कॅबिनेटवर मायेनं हात फिरवला आणि झटकन मागं घेतला. "मुंग्या मारायलंय." खोलीतल्या तीन पिनांच्या बोर्डात तिसऱ्या पिनेमागं तारच नव्हती. आर्थिंग नसलं की एसएमपीएसच्या गाळणीतून झिरपणारी थोडी वीज पत्र्यावर उतरते. माणूस मरत नाही, पण ती जायला वाट नसते. मालकाला सांगितलं तर म्हणाले, इतकी वर्षं पोरं राहतात, कुणी तक्रार केली नाही. शेवटी दाजींनीच गावातला वायरमन आणून तार ओढून घेतली. दहा क्विंटलात तिचे साडेसातशे धरलेले नव्हते.

सध्या नवीन जुळवणाऱ्यांची अडचण वेगळी आहे. 2025 च्या दिवाळीपासून रॅमचे भाव दुपटीच्या वर गेले, कारण मेमरी बनवणाऱ्यांचा माल एआयच्या डेटा सेंटरांकडं वळला. डिसेंबरात मायक्रॉननं तर किरकोळ गिऱ्हाइकांसाठीचा क्रूशिअल हा छापच बंद करायचं जाहीर केलं. सोयाबीनचा भाव मात्र कुठल्याही डेटा सेंटरनं वाढवलेला नाही. तेव्हा विष्णुपुरीतल्या भाच्यांनो, यंदा 32 जीबीचा हट्ट सोडा, आठ-आठच्या दोन पट्ट्या घ्या, दोन चॅनलवर लावा, एक्सएमपी चालू करा. जुनं कार्ड बघायला जाताना अप्पांना सोबत न्या. त्यांना कार्डातलं कळत नसेल, विकणाऱ्यातलं कळतं. आणि मे महिन्यात घड्याळाला हात लावू नका. फारच खुमखुमी असेल तर डिसेंबरात या, पहाटे, खिडकी उघडी ठेवून.